विश्लेषण : आशाताईंच्या सरावासाठी मोबाइलमध्ये ‘आभासी गाव’? कुहीसारख्या तालुक्याला त्याचा उपयोग किती, मर्यादा कोणत्या?

आभासी जगाचा वापर करून साथरोग समजून घेण्याचे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना सराव देण्याचे प्रयोग जगात दोन दशकांपासून सुरू आहेत. आता प्रत्येक गावात स्मार्टफोन पोहोचला आहे. त्यामुळे हे तंत्र नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या ग्रामीण तालुक्यात वापरता येईल का, हा प्रश्न केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. मात्र चष्मे आणि हेडसेट विकत घेतले म्हणजे प्रशिक्षण झाले, असे होत नाही.

प्रश्न नेमका काय आहे?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यातील संध्याकाळ आहे. धानाच्या बांधीतून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाला साप चावतो. घरात एकच गोंधळ उडतो. कुणी दोर आणतो, कुणी ब्लेड शोधतो, कुणी मांत्रिकाला बोलवायला निघतो. अशा वेळी हाक जाते ती गावातल्या आशाताईला. दोर आवळायचा नाही, जखम कापायची नाही, विष तोंडाने ओढायचे नाही, पाय हलू द्यायचा नाही, पायातले जोडवे-पैंजण किंवा हातातली अंगठी काढायची आणि थेट रुग्णालय गाठायचे, हे सगळे तिने प्रशिक्षणात ऐकलेले असते. पण दहा माणसे आरडाओरडा करत असताना, घरातला वडीलधारा माणूस ‘आधी बाबाकडे नेऊ’ म्हणत असताना ते ठामपणे सांगण्याचा सराव तिला कुणी दिलेला नसतो.

ऐकलेले आणि करून पाहिलेले यांत मोठे अंतर असते. वैमानिकाला प्रवाशांसह विमान उडवायला देण्याआधी बनावट कॉकपिटमध्ये वादळही दाखवतात आणि बंद पडलेले इंजिनही. मग ज्या बाईच्या दोन वाक्यांवर एखाद्याचा जीव अवलंबून असतो, तिला सरावाची जागा का नको, हा या चर्चेचा गाभा आहे.

आभासी जग म्हणजे काय?

संगणकावर किंवा मोबाइलवर उभारलेली एक जागा, जिथे वापरणारा स्वतःच्या पात्राच्या रूपाने वावरतो, इतरांशी बोलतो, वस्तू उचलतो, निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे परिणाम त्याला लगेच दिसतात. व्हिडीओ आणि आभासी जग यांत हाच फरक आहे. व्हिडीओत बघणारा काहीही करो, शेवट तोच राहतो. आभासी जगात मात्र वापरणाऱ्याच्या प्रत्येक निवडीला वेगळी वाट फुटते.

अमेरिकेतील लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेले ‘सेकंड लाइफ’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. तिथे जिंकणे-हरणे नव्हते. लोक जागा घेत, इमारती बांधत, सभा भरवत. डोळ्यांवर लावायचा हेडसेट हा आभासी जगात शिरण्याचा एक दरवाजा आहे, एकमेव नाही. साध्या मोबाइलच्या पडद्यावरही असे जग उभे राहू शकते.

साथरोगतज्ज्ञांचे लक्ष एका खेळाकडे का गेले?

सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात एक अनपेक्षित प्रकार घडला. खेळातील एका बलाढ्य शत्रूशी लढताना खेळाडूंना ‘दूषित रक्ता’चा संसर्ग होई. तो त्या लढाईपुरताच राहील, अशी बनवणाऱ्यांची योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो बाहेर पडला आणि गजबजलेल्या आभासी शहरांत पसरला. दुबळी पात्रे पटापट मेली. संगणकाने चालवलेली दुकानदारासारखी पात्रे स्वतः मरत नव्हती, पण संसर्ग पसरवत राहिली. खेळाडूंना वेगळे ठेवण्याचे प्रयत्न फसले आणि शेवटी कंपनीला खेळात तांत्रिक बदल करून साथ आवरावी लागली.

एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात या घटनेवर लेख लिहिला. त्यांचे लक्ष विषाणूपेक्षा माणसांकडे होते. कुणी स्वतःला धोका असूनही इतरांना बरे करत राहिले, कुणी पळाले, कुणी केवळ ‘काय चालले आहे’ हे पाहायला साथीच्या जागी गेले, तर कुणी मुद्दाम संसर्ग पसरवला. गणिती प्रारूपात माणसाचा असा लहरीपणा पकडणे अवघड असते. २०२० मध्ये करोनाची साथ आल्यावर या जुन्या घटनेची जगभर पुन्हा चर्चा झाली, ती यामुळेच.

अर्थात, खेळातले मरण स्वस्त असते. तिथे पात्र मेले तरी पुन्हा उठते. त्यामुळे खेळातल्या वागण्यावरून खऱ्या वागण्याचा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. पण माणसे नियम ऐकून नव्हे, तर भीती, कुतूहल आणि माया यांच्या जोरावर वागतात, एवढे तरी त्यातून ठसठशीत दिसले.

आरोग्य यंत्रणांनी हे तंत्र कसे वापरले?

मुलांसाठीच्या ‘व्हायव्हिल’ या आभासी गावात २००२ मध्ये ‘व्हायपॉक्स’ नावाची बनावट साथ सोडण्यात आली होती. मुलांच्या पात्रांच्या चेहऱ्यावर लाल पुरळ उठे आणि बोलताना मध्येच शिंक येई. साथ कशी पसरते, हे मुले स्वतःच शोधू लागली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००६ मध्ये ‘सेकंड लाइफ’मध्ये आपले ठाणे उघडून आरोग्यविषयक माहिती देण्यास सुरुवात केली. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाने तिथेच लैंगिक आरोग्यासाठी जागा उभारली. ज्या विषयावर समोरासमोर विचारायला संकोच वाटतो, तो विषय पात्राच्या आडून विचारता येतो, हा त्यातला विचार. अमेरिकेतील आयडाहो राज्यात ‘प्ले टू ट्रेन’ या प्रकल्पात जैविक आपत्तीच्या वेळी रुग्णालयाने कसे काम करायचे, याचा सराव आभासी गावात आणि आभासी रुग्णालयात घेतला गेला.

पुढे ‘सेकंड लाइफ’चा गाजावाजा ओसरला. त्यासाठी चांगला संगणक आणि वेगवान इंटरनेट लागे. शिवाय लोकांना आधी ते शिकावे लागे आणि मग आरोग्याचा विषय. २०२१ मध्ये ‘फेसबुक’ कंपनीने ‘मेटा’ हे नाव घेतल्यावर ‘मेटाव्हर्स’ची लाट आली. पण जुना धडा तसाच आहे. लोक जिथे आधीपासून आहेत तिथे आरोग्य शिक्षण न्यावे लागते. लोकांना नव्या जागी बोलावून चालत नाही.

भारतात असे प्रयोग झाले का?

झाले, आणि ते स्वस्त फोनवर झाले. दिल्लीच्या ‘झेडएमक्यू’ या संस्थेने १ डिसेंबर २००५ रोजी, म्हणजे जागतिक एड्स दिनी, ‘फ्रीडम एचआयव्ही/एड्स’ हा मोबाइल खेळांचा संच आणला. त्यातल्या ‘सेफ्टी क्रिकेट’मध्ये क्रिकेटच्या डावातून एचआयव्हीपासून बचावाची माहिती दिली जाई. स्मार्टफोन येण्याआधीची ही गोष्ट आहे.

करोनाकाळात एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘दीक्षा’ मंचावर ‘आयगॉट’ हे प्रशिक्षण सुरू केले. डॉक्टरांपासून आशा-अंगणवाडी सेविकांपर्यंत अनेकांना घरबसल्या धडे मिळाले. आशांसाठीची ‘मोबाइल अकॅडमी’ तर पडद्याविनाच चालते. फोन लावला की ‘डॉ. अनिता’ हे काल्पनिक पात्र बोलू लागते. ११ प्रकरणे, सुमारे २४० मिनिटांचा अभ्यास आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी प्रश्न. गर्भवतींना आठवड्याला एक ध्वनिसंदेश देणारी ‘किलकारी’ सेवा आणि ही अकॅडमी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातही सुरू झाली. आयआयटी मुंबईतून तयार झालेल्या ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल्स’मध्ये बाळाला छातीशी कसे धरावे, यासारख्या गोष्टी मराठीसह अनेक भारतीय भाषांत चित्रफितींतून शिकवल्या जातात.

यातले बहुतेक प्रयोग काटेकोर अर्थाने आभासी जग नाहीत. पण त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचायला सर्वांत भारी तंत्र लागत नाही. लागते ती तिची भाषा आणि तिच्या हातातला फोन.

गडचिरोलीचा धडा कोणता?

ग्रामीण बायकांना अवघड वैद्यकीय कौशल्ये शिकवता येतात का, या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर विदर्भातूनच आले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज देशभरातील आशा जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी भेट देतात, त्यामागे याच कामाची प्रेरणा आहे.

तिथे कुठलेही आभासी जग नव्हते. होते ते टप्प्याटप्प्याने शिकवणे, हाताने पुन्हा पुन्हा करून पाहणे आणि मागाहून येऊन चूक दुरुस्त करणारा माणूस. कोणत्याही नव्या तंत्राला याच कसोटीवर घासून पाहायला हवे. त्यामुळे सराव वाढतो का आणि चूक दाखवणारा माणूस अधिक वेळा भेटतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते तंत्र केवळ देखावा ठरेल.

कुहीत याचा उपयोग नेमका कुठे होईल?

कुही हा नागपूर जिल्ह्याच्या आग्नेयेकडील तालुका. एकीकडे धान, कापूस, सोयाबीन; मांढळ परिसरात मिरचीचे सातरे आणि तिथे मिरची खुडणाऱ्या बायका; अंभोऱ्याकडे वैनगंगेचे पात्र आणि गोसीखुर्द प्रकल्पामुळे नव्या गावठाणांत वसलेली कुटुंबे. अशा तालुक्यात दोन विषय आभासी सरावासाठी विशेष योग्य आहेत.

पहिला, सर्पदंश. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे लक्ष्य आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालणारे प्रतिविष आपल्याकडे उपलब्ध आहे. प्रश्न रुग्ण वेळेत तिथवर पोहोचण्याचा आहे. आभासी गावात घड्याळ चालू ठेवता येते. मांत्रिकाकडे नेले तर किती मिनिटे गेली, १०८ ला फोन करायला उशीर केला तर काय झाले, हे आशाताईला कुणाचाही जीव न जाता पाहता येते.

दुसरा, सिकलसेल. मध्य भारतातील सिकलसेलच्या वाहकांची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्येच ‘द लॅन्सेट’मध्ये केली होती. विदर्भात हा आजार अनेक कुटुंबांच्या घरातला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासणी यंत्र करते, पण निकाल समजावून सांगायचा तो माणसाने.

इथेच मोठी गल्लत होते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, असे सांगितले जाते. ऐकणारे समजतात, पहिले मूल आजारी निघाले, म्हणजे आता पुढची तिन्ही ठणठणीत. प्रत्यक्षात प्रत्येक गर्भधारणेत ही शक्यता नव्याने २५ टक्केच असते. वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. आभासी कुटुंबात हे दाखवणे सोपे आहे. दर वेळी सोंगटी नव्याने पडते. कधी दोन मुले लागोपाठ आजारी, कधी चारही सुखरूप. वीस वेळा खेळून पाहिले की जे आकड्यांत समजत नाही, ते डोळ्यांना समजते.

त्याहून कठीण असते ते बोलणे. ‘वाहक म्हणजे आजारी नव्हे’ हे मुलीच्या सासूला कसे सांगायचे? लग्न ठरलेल्या मुलाला तपासणी करायला कसे पटवायचे? ‘तुमच्या रक्तात दोष आहे’ असे एक वाक्य निसटले, तर ते घर पुन्हा दार उघडत नाही. असे संवाद आभासी सासूशी दहा वेळा चुकून मग खऱ्या घरात जाणे, हा या तंत्राचा सर्वांत चांगला उपयोग ठरू शकतो.

मग मर्यादा कोणत्या?

हाताचे काम पडद्यावर शिकता येत नाही. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पिशवी आणि मास्कने श्वास देताना मास्क चेहऱ्यावर किती घट्ट बसवायचा, हे बोटांनाच कळते. त्यासाठी पुतळा लागतो, शिकवणारी परिचारिका लागते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांत मोबाइलवरील प्रशिक्षणाची शिफारस केली, पण ते पारंपरिक प्रशिक्षणाला पूरक असावे, त्याची जागा घेणारे नसावे, असे स्पष्ट बजावले. आपल्याकडे खर्च वाचवण्याच्या नादात नेमके उलटे घडू शकते. अ‍ॅप आले, म्हणून तालुक्याचे प्रत्यक्ष शिबिर रद्द!

दुसरी मर्यादा चित्रणाची. आभासी गावातले घर काचेच्या खिडक्यांचे आणि भाषा पुस्तकी असेल, तर सराव फुकट जाईल. कुहीची बोली नागपुरी वऱ्हाडी आणि झाडीबोलीच्या सीमेवरची आहे. आभासी सासू तशीच बोलली पाहिजे. तिचे संवाद शहरातल्या कंपनीत बसून नव्हे, तर आशाताईंना विचारूनच लिहावे लागतील.

फोन, नेटवर्क आणि वेळ कुणाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात ५७ टक्के पुरुषांनी, पण केवळ ३३ टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले होते. गेल्या काही वर्षांत चित्र बदलले असले, तरी घरातला चांगला फोन बहुधा पुरुषाच्या किंवा मुलांच्या हातात असतो, हे वास्तव पूर्ण पुसले गेलेले नाही.

तांत्रिकदृष्ट्या मार्ग आहेत. त्रिमिती चित्रांऐवजी साधी द्विमिती चित्रे आणि आवाज वापरले, तर संपूर्ण आभासी गाव फार जागा घेत नाही. उपकेंद्रात किंवा मासिक बैठकीत एकदा वाय-फायवर उतरवून घ्यायचे, नंतर इंटरनेटशिवाय चालवायचे आणि नेटवर्क मिळाले की प्रगतीची नोंद पाठवायची. हे आजच्या कोणत्याही साध्या अँड्रॉइड फोनवर शक्य आहे.

खरा प्रश्न वेळेचा आहे. आशा या पगारी कर्मचारी नाहीत. त्यांना स्वयंसेविका म्हणतात आणि कामानुसार मोबदला मिळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढीबरोबर ऑनलाइन कामांची सक्ती नको, ही मागणीही पुढे आली होती. त्या पार्श्वभूमीवर रात्री स्वयंपाक आवरल्यावर, स्वतःच्या रिचार्जवर ‘आभासी प्रशिक्षण’ पूर्ण करा, असा आदेश निघाला तर त्याला विरोध होईल आणि तो रास्तही असेल. सरावाचा वेळ हा कामाचाच वेळ मानून त्याचा मोबदला आणि डेटाचा खर्च द्यायला हवा.

चुकांची नोंद कुणाकडे राहणार?

हा मुद्दा सहसा चर्चेत येत नाही, पण सर्वांत नाजूक आहे. आभासी गावाची सगळी किंमत तिथे निर्धास्तपणे चुकता येण्यात आहे. प्रत्येक चूक मात्र कुठल्या तरी सर्व्हरवर नोंदली जाते. ‘अमक्या गावच्या आशाने आभासी रुग्ण तीनदा दगावू दिला’ असा तक्ता तालुक्याच्या आढावा बैठकीत पडद्यावर झळकला, की दुसऱ्या दिवसापासून कुणीही सराव करणार नाही. सगळ्या जणी योग्य उत्तरे एकमेकींना सांगून शंभर टक्के गुण मिळवतील आणि खऱ्या दारात परिस्थिती जैसे थे राहील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहितीचा वापर ज्या कारणासाठी संमती घेतली त्यापुरताच करण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. सरावातील चुका फक्त शिकणारी आणि तिची प्रशिक्षक यांनाच दिसाव्यात, मूल्यमापनासाठी वापरल्या जाऊ नयेत, हे सुरुवातीलाच लेखी ठरायला हवे.

पुढे काय व्हावे?

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो आणि एम्स आहेत. सिकलसेलचा दीर्घ अनुभव असलेले डॉक्टर आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रकल्पाचे विषय हवेच असतात. एका तालुक्यासाठी, दोनच विषयांचे, स्थानिक बोलीतले आभासी गाव तयार करणे ही काही अवकाश मोहीम नव्हे. सुरुवात सर्पदंशाने करावी, कारण तो दर पावसाळ्यात येतो आणि परिणाम मोजता येतो. दंशानंतर रुग्णालयात पोहोचायला आधी किती वेळ लागत होता आणि सरावानंतर किती लागतो, एवढी एक नोंद ठेवली तरी तंत्राचा खरेखोटेपणा कळेल. वेळ घटला नाही, तर निमूटपणे बंद करण्याची तयारीही हवी.

हेडसेट घातलेल्या आशाताईंचे छायाचित्र छान दिसेल, उद्घाटनही दणक्यात होईल. पण कुहीच्या एखाद्या बांधीवर साप चावलेल्या माणसाच्या दृष्टीने महत्त्व एकाच गोष्टीला आहे : दारात उभ्या असलेल्या बाईने हे सगळे आधी एकदा, चुकण्याची मुभा असलेल्या जागी, करून पाहिले होते की नाही.